चौथ्या सीटवरचं ईशज्ञान

“सर, शेवटल्या दिवशी सगळे मेलेले उठणार ना? मग तुमचे केसपण परत येणार का?”

रविवारची सकाळ. वसईतल्या एका धर्मग्रामात मिस्सा नुकती संपलेली. शेजारच्या शाळेच्या बाकांवर चाळीसेक मुलं, फळ्यावर सुवाच्य अक्षरात ‘देहाचे पुनरुत्थान’ आणि फळ्यासमोर कॅटेकिझमचे सर. प्रश्न शेवटून दुसऱ्या बाकावरून आला. वर्गात हशा पिकला, सरांचा हात आपसूक टाळूवर गेला आणि तोंडातून शिक्षकी पेशातलं सगळ्यात जुनं उत्तर बाहेर पडलं, “खाली बस.”

मुलगा बसला. प्रश्न काही बसला नाही. सोमवारी सकाळी तो सरांबरोबरच वसई रोडला चर्चगेट लोकलमध्ये चढला, चौथ्या सीटवर अर्धामुर्धा टेकला आणि अंधेरी येईपर्यंत त्यांना टोचत राहिला. शेवटी सरांनी पुस्तकं उघडली आणि ते चाट पडले. हा प्रश्न चौथीतल्या पोराचा नव्हताच. तो तेराव्या शतकातच विचारून झाला होता, आणि विचारणारे होते संत थॉमस अक्विनास. त्यांच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या महाग्रंथाला शिष्यांनी त्यांच्याच आधीच्या लिखाणातून जी पुरवणी जोडली, तिच्यात केस आणि नखं पुनरुत्थित होतील का, यावर वेगळं टिपण आहे. उत्तर आहे, होतील. झाडाची पानं जशी फळं झाकायला, तसे केस आणि नखं शरीराच्या इतर भागांचं रक्षण करायला असतात. तेव्हा पूर्ण माणूस उठायचा तर त्यांच्यासकट उठायला हवा. त्याच पुरवणीत पुढे आणखी एक खूशखबर आहे. सगळे उठतील ते ऐन तारुण्याच्या वयात.

म्हणजे केसही मिळणार आणि वयही कमी होणार. सरांनी पुढच्या रविवारी मोठ्या उत्साहात हे वर्गाला सांगितलं. शेवटून दुसरा बाक क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, “पण मग टीचर तुम्हाला ओळखणार कशा?” टीचर म्हणजे सरांच्या सौभाग्यवती; त्या शेजारच्या वर्गात तिसरीला शिकवत होत्या. त्याला जोडून पुढच्या बाकावरून आलं, “आणि तिथं त्यांचं लग्न झालेलं धरायचं का?” हाही प्रश्न नवा नव्हता. सदूकी लोकांनी सात भावांच्या एका बायकोची गोष्ट रचून तो खुद्द येशूलाच घातला होता. येशूचं उत्तर सरांना पाठ होतं: पुनरुत्थानानंतर कोणी लग्न करत नाही की करून देत नाही. पण शेजारच्या वर्गाचं दार उघडं होतं, म्हणून सरांनी ते जरा हळू आवाजात सांगितलं.

हे सर म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. वसईच्या धर्मग्रामांमधून असे सर आणि अशा टीचर सापडतात. नावं वेगळी, टाळू साधारण सारखी. आठवडाभर ते मुंबईच्या कुठल्यातरी कचेरीत फायली नाहीतर कॉम्प्युटर सांभाळतात, शनिवारी वाडीतल्या केळीला पाणी सोडतात आणि रविवारी विनामूल्य धर्मशास्त्र शिकवतात. या शास्त्राला मराठीत एक भारदस्त शब्द आहे, ईशज्ञान. आणि जो फादर नाही, सिस्टर नाही, साधा संसारी कॅथलिक आहे त्याला चर्चच्या मराठीत म्हणतात प्रापंचिक. हा शब्द ज्याने योजला त्याला बहुधा मुलं असावीत.

वसईची गोष्टच तशी निराळी. पोर्तुगीज इथं १५३४ साली आले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. जाताना आडनावं ठेवून गेले. त्यामुळे हजेरीत डिमेलो, लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज अशी लिस्बनची टेलिफोन डिरेक्टरी वाजते आणि ‘हजर’ म्हणणारा आवाज अस्सल मराठी असतो. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. इथली मिस्सा मराठीत, प्रवचन मराठीत, भांडण मराठीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला, तो ग्रंथ सरांच्या कपाटात दर्शनी जागी आहे. तो उघडला जातो शनिवारी रात्री साडेदहाला, उद्याचा धडा आठवल्यावर.

सरांच्या आजीच्या वेळी असलं काही लागत नसे. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. त्याआधी ती लॅटिनमध्ये. आजी लॅटिन प्रार्थना घडाघडा म्हणत असे. अर्थ देवाला कळतो आहे ना, मग आपण कशाला मधे पडायचं, असा तिचा हिशेब. धर्मशिक्षण म्हणजे प्रश्नोत्तरी पाठ करणं. त्या पद्धतीत शिक्षकाची मोठी सोय होती. उत्तर तर छापलेलं असेच, पण प्रश्नसुद्धा चर्चच छापून देत असे. मुलांना स्वतःचा प्रश्न आणायची मुभा मिळाली आणि सरांचे केस जायला सुरुवात झाली.

तसं आताही चर्चने शिक्षकाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. १९९२ साली कॅथलिक चर्चचा अधिकृत श्रद्धाग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात २,८६५ क्रमांकित परिच्छेद आहेत. त्यात सगळं आहे. फक्त मुलं ज्या क्रमाने विचारतात तो क्रम नाही.

तो क्रम बघायचा तर सरांची प्रश्नपेटी उघडावी. पेटी म्हणजे बुटांचा खोका, वर चीर पाडलेला. वर्गात विचारायला लाज वाटते त्यांनी चिठ्ठी टाकायची, अशी कल्पना. लाज कोणालाच वाटत नाही असं दिसून आलं, तरी खोका भरतो. एका रविवारचा ऐवज असा: आदाम आणि हव्वेच्या वेळी डायनोसोर होते का? देवदूत मुलगा असतो की मुलगी? कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं नाही, पण च्युइंगम गिळलं नाही तर? काईनची बायको कोण?

डायनोसोरला सर घाबरत नाहीत. बायबल म्हणजे जीवशास्त्राचं क्रमिक पुस्तक नव्हे, हे ते ठणकावून सांगतात. पोप पायस बारावे यांनी १९५० सालीच उत्क्रांतीच्या अभ्यासाला वाट मोकळी ठेवली होती, याचा दाखला देतात आणि मग खिशातला हुकमाचा एक्का काढतात: विश्व एका आदिअणूपासून प्रसरण पावत आलं, हा विचार १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक फादर होते. ज्याला आज जग बिग बँग म्हणतं, त्याच्या मुळाशी एक झगेवाला! मुलं प्रभावित होतात. “सर, मग त्या फादरना सायन्सला किती मार्क होते?” असं विचारतात.

देवदूताला शरीर नसतं, म्हणून तो मुलगाही नाही आणि मुलगीही नाही, इथंही सर सुखरूप सुटतात. च्युइंगमचा निकाल ते बायकोवर सोपवतात. राहता राहिली काईनची बायको. जगात आदाम, हव्वा आणि त्यांची मुलं एवढीच माणसं असताना काईनला बायको मिळाली कुठून? संत ऑगस्टीन यांनी ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या पंधराव्या भागात याचा सरळ उलगडा केला आहे: सुरुवातीला दुसरा इलाजच नव्हता, तेव्हा बहिणींशीच लग्नं झाली, पुढे गरज संपली आणि ती गोष्ट निषिद्ध ठरली. उत्तर अधिकृत, संताचं आणि दीड हजार वर्षांहून जुनं. सरांनी समोर पाहिलं. पहिल्या बाकावर एक डिमेलो भाऊ आणि त्याची डिमेलो बहीण शेजारी शेजारी बसून डबा खात होते. सरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

सर्वांत अवघड रविवार म्हणजे पवित्र त्रैक्याचा. देव एक, व्यक्ती तीन: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. पहिल्या वर्षी सरांनी घरून थर्मास नेला. बर्फ, पाणी, वाफ; पदार्थ एक, रूपं तीन. मुलांना एकदम पटलं. मागे उभे राहून ऐकणारे धाकटे फादर मात्र तास संपल्यावर जवळ आले आणि फार प्रेमाने म्हणाले, “सर, आज तुम्ही सबेलियसचं मत शिकवलंत.” सरांना वाटलं, कौतुक चाललं आहे. घरी जाऊन पाहतात तो सबेलियस हा तिसऱ्या शतकातला इसम. एकच देव वेळेनुसार तीन रूपं घेतो असं म्हणाला आणि चर्चने त्याला पाखंडी ठरवलं. थर्मास कायमचा माळ्यावर गेला.

दुसऱ्या वर्षी सरांनी संत पॅट्रिकची आख्यायिका घेतली. आयर्लंडमध्ये त्यांनी तीन दलांचं एक पान दाखवून त्रैक्य समजावलं म्हणतात. ते आयरिश पान वसईत कुठून आणायचं? सरांनी बेलाचं आणलं. यावर एका मुलीने हात वर केला, “म्हणजे एकेक जण देवाचा एक तृतीयांश?” हाही पाखंडच निघाला. गणित चांगलं असलेली मुलं ईशज्ञानात फार धोकादायक. तिसऱ्या वर्षी सरांनी ब्रह्मबांधव उपाध्याय यांचा आधार घेतला. या बंगाली कॅथलिक संन्याशाने १८९८ मध्ये ‘वंदे सच्चिदानंदम्’ हे संस्कृत स्तोत्र रचून सत्, चित् आणि आनंद यांच्यात त्रैक्य पाहिलं. वर्ग शांत बसला. सरांना वाटलं, भिडलं. मग त्यांच्या लक्षात आलं की मुलांची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे.

अशा वेळी सरांना चौथ्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलचा हेवा वाटतो. तिथल्या बाजाराचं वर्णन निसा गावचे बिशप संत ग्रेगरी करून गेले आहेत. सुटे मागायला जावं तर दुकानदार पुत्र जन्मलेला की अजन्मा यावर प्रवचन देतो. पावाचा भाव विचारावा तर पिता मोठा आणि पुत्र धाकटा, असं ऐकावं लागतं. आणि स्नानाचं पाणी तापलं का म्हटलं तर नोकर सांगतो की पुत्र शून्यातून घडवला गेला. ग्रेगरी वैतागले होते. सर म्हणतात, वैतागायचं काय त्यात? वसईच्या बाजारात एका कोळणीने जरी पवित्र आत्म्याचा विषय काढला तरी बिचारे एक शेर बोंबील जास्त घेतील.

“सर, कळलं!” चौथ्या वर्षी शेवटून दुसरा बाक ओरडला. “व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकच, पण अ‍ॅडमिन तिघं!”

हे कुठल्या शतकातलं पाखंड, हे सर आठवू लागले. तेवढ्यात घंटा झाली. धर्मशिक्षणात घंटा ही फार मोठी कृपा असते.

घरी घंटा नसते.

चर्चचा कायदा म्हणतो की मुलांना शब्दाने आणि वागण्याने श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी इतर कोणाच्याही आधी आईवडिलांची आहे. कलम ७७४. सरांनी ते पालकसभेत अनेकदा आवाज चढवून वाचून दाखवलं आहे. त्यातला ‘शब्दाने’ हा भाग त्यांना सोपा जातो. ‘वागण्याने’ हा भाग सांभाळायला घरात एक निरीक्षक नेमलेली आहे. वय वर्षं नऊ. ती सरांची मुलगी, आणि दैवदुर्विलास असा की सरांच्याच वर्गात आहे. वर्गात ती त्यांना ‘सर, तुम्ही’ म्हणते आणि घरी ‘डॅडी, तू’. वर्गातल्या तुम्हीला ती घरातल्या तूशी ताडून पाहते. सरांनी वर्गात रागावर ताबा ठेवण्याविषयी सुंदर धडा घेतला त्याच दुपारी मोटारीचा पंप बिघडला. पंपाला उद्देशून सर जे बोलले ते मुलीने ऐकलं आणि शांतपणे विचारलं, “डॅडी, हे वहीत उतरवून घ्यायचं का?”

प्रायश्चित्तकाळातले शुक्रवार तर कसोटीचे. शुक्रवारी मांस वर्ज्य, कारण त्याग. हे वर्गात छान वाटतं. घरी त्या दिवशी पापलेट येतं. “डॅडी, पापलेट म्हणजे त्याग?” आता पापलेटचा भाव पाहता त्याग होतोच, पण तो पाकिटाचा. सर सांगतात की नियम मांसाचा आहे, मासळीचा नाही. मग अंडं? अंडं चालतं, पोप पॉल सहावे यांनी १९६६ च्या आदेशात तसं स्पष्ट केलं आहे, दूधही चालतं. “म्हणजे अंडं चालतं आणि कोंबडी चालत नाही. मग अंडं कोंबडी कधी होतं, गुरुवारी?” सरांनी विषय संपवायचा म्हणून कायदाच उघडून वाचला आणि तिथं पाय घसरला. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो. मुलीने बोटांवर हिशेब केला. नवातून चौदा जात नाहीत. तिने त्या संध्याकाळी रीतसर चिकन मागितलं, कलमासह.

कोंबडीचाच आणखी एक प्रसंग. अंगणात पिल्लापासून वाढवलेली एक कोंबडी गावच्या सणाला ताटात आली. घरात पाहुणे, रस्सा वाफाळतोय आणि मुलगी विचारते, “ती स्वर्गात गेली का?” सगळ्यांचे घास थांबले. सरांना दोन्ही बाजू माहीत होत्या. अक्विनास यांच्या मते प्राण्याचा आत्मा शरीराबरोबरच संपतो. उलट २०१४ च्या डिसेंबरात, पोप फ्रान्सिस यांनी प्राण्यांसाठी स्वर्गाचं दार उघडलं अशी बातमी जगभर झाली होती; पण ते तसं बोललेच नव्हते, आणि वर्तमानपत्रांना चुका दुरुस्त कराव्या लागल्या होत्या. सरांनी मुलीचे डोळे पाहिले आणि अक्विनास मिटून ठेवले. म्हणाले, “देवाने जे घडवलं ते तो विसरत नाही गं.” मुलीने हे मनापासून स्वीकारलं. “मग तू पण विसरू नको,” ती म्हणाली. पाहुणे जेवले. सरांनी त्या दिवशी डाळभात खाल्ला.

पहिल्या कम्युनियनआधी पहिलं कन्फेशन. पूर्वी मुलांना बरीच वर्षं थांबावं लागे. पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये समज येण्याचं वय सातच्या आसपास धरलं आणि पापांची यादी करायचं काम प्राथमिक शाळेत आलं. मुलं कागदावर यादी करतात. चाळीस याद्या, आणि पापं तीनच: खोटं बोललो, आईचं ऐकलं नाही, भावाशी भांडलो. एकुलत्या एक मुलानेही भावाशी भांडल्याचं लिहिलं होतं. सरांनी विचारलं तेव्हा कळलं की त्याने यादी शेजारच्याची पाहून उतरवली. यादीत चौथं पाप तिथल्या तिथे वाढलं.

सरांची मुलगी कन्फेशनला आत गेली तेव्हा सर बाहेर उभे होते. दोन मिनिटं झाली. चार झाली. नऊ वर्षांच्या आयुष्यात इतकं काय असेल? सरांना पंप आठवला. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, सांगितलं तर थेट बहिष्काराची शिक्षा आहे, हे सरांनीच शिकवलं होतं. तो नियम इतका गोड त्यांना पूर्वी कधी लागला नव्हता. मुलगी हसत बाहेर आली.

“काय सांगितलंस?”

“ते विचारायचं नसतं, सर.”

“बरं. प्रायश्चित्त काय दिलं?”

“तीन हेल मेरी.” मग जरा थांबून, “फादर मधेच हसले.”

सरांना अजून त्या हसण्याचा अर्थ लागलेला नाही.

मुलांच्या बाबतीत धर्मशिक्षकाला दोन भीती असतात. एक, पोरगं चर्चला येईनासं होईल. दुसरी बोलून न दाखवण्याची, पोरगं फारच मनावर घेईल. दोन्ही भीती जुन्या घराण्यांतल्या आहेत. ऑगस्टीन तरुणपणी बहकले तेव्हा त्यांची आई मोनिका एका बिशपपाशी इतकी रडली, इतकी मागे लागली, की त्यांनी अखेर कंटाळून, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जायचा नाही, असं सांगून तिला वाटेला लावलं. पुढे आई सोबत येईल या धास्तीने ऑगस्टीन कार्थेजच्या बंदरावर मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून रात्रीच्या जहाजाने रोमला पसार झाले. आई जवळच्या प्रार्थनास्थळात त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. अक्विनास यांच्या घरी उलटा प्रकार. पोरगं भिक्षेवर जगणाऱ्या डॉमिनिकन संघात जातं म्हटल्यावर घरच्यांनी १२४४ साली त्याला वाटेतून पळवून आणलं आणि वर्षभर कोंडून ठेवलं. दोघेही संत झाले. पालकसभेत सर ही उदाहरणं देतात, पण यातून नेमकं काय करावं असं कोणी विचारलं की चहा आल्याची घोषणा करतात.

सरांना खरा धीर देतं ते आणखी एक पुस्तक, आणि ते आपल्या भाषेतलं आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्या भाषेवर असे भाळले की त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ मध्ये राशोल इथं छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. व्हॉट्सअ‍ॅपवर रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या मुलांना सर हे मुद्दाम सांगत नाहीत. पण खरी गंमत पुराणाच्या सुरुवातीला आहे. साष्टीतल्या एका चर्चमध्ये रविवारचं धर्मशिक्षण आटोपतं आणि एक ब्राह्मण श्रोता पाद्री गुरूंना विचारतो की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचं काय? म्हणजे मराठी साहित्यातला हा मोठा ग्रंथ उभा आहे तो रविवारच्या वर्गात, तास संपल्यावर आलेल्या प्रश्नावर. पाद्री गुरूंनी त्याला ‘खाली बस’ म्हटलं नाही. अकरा हजार ओव्या सांगितल्या. एवढा वेळ सरांपाशी नाही, विरार लोकल चुकते. पण तेव्हापासून ते शेवटून दुसऱ्या बाकाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात.

आणि ऑगस्टीन यांच्याकडेही. कारण वर्ग आणि घर एकाच डोक्यावर घेणाऱ्यांचे ते मूळपुरुष. त्यांना एक मुलगा होता, आदेओदातुस. अर्थ ‘देवाने दिलेला’, मराठीत सांगायचं तर देवदत्त. (संताला मुलगा कसा आणि त्याची आई कोण, या दोन चिठ्ठ्या प्रश्नपेटीत येऊन गेल्या आहेत आणि काईनच्या बायकोशेजारी खिशात आहेत.) ३८७ सालच्या ईस्टरला मिलानमध्ये बापलेकांचा स्नानसंस्कार एकत्रच झाला. पुढे ऑगस्टीन यांनी ‘शिक्षक’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात हे दोघेच बोलतात. त्यातले मुलाच्या तोंडचे विचार खरोखर त्याचेच, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि त्याची बुद्धी पाहून भीती वाटे, असं वडिलांनी नोंदवून ठेवलं आहे. तो मुलगा लवकरच गेला. सर हा भाग वर्गात घेत नाहीत. घरी एकदा वाचला आणि अंगणात जाऊन उगाच पंप तपासत बसले.

त्याच ऑगस्टीन यांना इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेजहून देवोग्रातियास नावाच्या सहायक धर्मसेवकाचं गाऱ्हाणं आलं. नवख्यांना धर्म शिकवताना बोलणं लांबत जातं, कंटाळवाणं होतं, आणि ऐकणाऱ्यांचं सोडा, माझा मलाच वैताग येतो. ऑगस्टीन यांनी उत्तरादाखल अख्खं पुस्तक लिहून पाठवलं. स्वतःचं बोलणं मलाही बहुतेक वेळा पसंत पडत नाही, अशी कबुली दिली. शेवटी गाइडमध्ये असतात तसे दोन नमुना-धडे जोडले, एक मोठा आणि एक आटोपशीर. आणि मधे एक अगदी घरगुती सल्ला दिला: ऐकणारा जांभया देऊ लागला, उठून जायच्या बेतात दिसला, तर काहीतरी गमतीचं बोला, उभं राहून दमला असेल तर त्याला बसायला जागा द्या.

सरांनी हे पान लोकलमध्येच वाचलं, दाराजवळ एका हाताने कडी धरून.

तेव्हा सोमवारी सकाळी वसई रोडहून सुटणाऱ्या चर्चगेट लोकलमध्ये टाळू चमकणारा, काखेत जाड पुस्तक धरलेला, काईनच्या बायकोचं काय करावं या चिंतेत उभा असलेला कोणी दिसला, तर वाचकहो, जरा आत सरका. चौथी सीट चालेल त्यांना.